सर्जेराव पैलवानाचा रांजण

"वस्ताद, तुम्ही अजून गोळ्या घेता?"

दस्तगीर वस्तादांनी गोळी जिभेवर ठेवली. तांब्यातलं पाणी वरून तोंडात सोडलं, गिळलं, आणि मगच मान वर केली.

"घेतो की."

"साखरेच्या?"

"साखरेच्याच. डोक्याच्या अजून लागल्या न्हाईत."

सर्जेराव खोताला हसू आलं नाही. खांद्यावरून आणलेला रांजण त्यानं करंजाच्या झाडाखाली टेकवला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. रांजण चांगला पोटाला येईल एवढा, गेरूनं रंगवलेला, गळ्यात झेंडूची माळ. जीप तालमीच्या दारापर्यंत येत होती, पण ती त्यानं मुद्दाम वेशीपाशीच सोडली होती. एवढा मोठा रांजण खांद्यावर घेऊन, अनवाणी, अख्ख्या कुरुळवाडीच्या डोळ्यांसमोरून चालत यायचं, हे त्यानं आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं.

आणि का येऊ नये? साठीला टेकलेल्या माणसाला जमतं का असं? पारावरची माणसं तोंडात बोट घालून बघत राहिली. "पैलवान, ह्या वयात?" एकानं विचारलंच. सर्जेराव नुसता हसला. त्या हसण्यासाठीच तो चालत आला होता.

बिरोबाच्या तालमीत सकाळची कसरत आटपली होती. पोरं घरी पांगली होती. आत लाल मातीचा हौद नुकताच उकरून ठेवलेला, आणि बाहेर कट्ट्यावर एकटे वस्ताद.

पायांत बूट घालून.

हेच सर्जेरावाला बघवत नसे. ह्या तालमीत पायताण उंबऱ्याबाहेर, ही शिस्त वस्तादांनीच लावलेली. एकदा एक पुढारी बूट घालून आत शिरायला लागला, तर त्याला वस्तादांनी दंडाला धरून मागं वळवलं होतं. आणि तेच वस्ताद गेली काही वर्षं पांढरे कॅनव्हासचे बूट आणि जाड मोजे घालून बाहेर बसायचे. हौदात उतरायचेच नाहीत. डाव सांगायचे तेही बाहेरून ओरडून. लोक म्हणत, वय झालं. सर्जेरावाला मात्र वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटायची. ज्यानं आपल्याला मातीत उभं केलं त्यानंच मातीला पाय लावू नये?

तो पाया पडायला वाकला. वस्तादांनी पाय झटकन धोतराखाली ओढून घेतले.

"राहू दे, राहू दे. बस."

"पाया तरी पडू द्या."

"बस म्हणलं ना."

सर्जेराव बसला. पण बसण्यात काही मन नव्हतं त्याचं.

"रविवारी मेळावा हाय, वस्ताद. साखरमुक्तीचा."

"बोर्ड बघितला. माझा फोटो लावलायस."

"तुमचा न्हाई तर कुणाचा लावू?"

"जुना हाय. त्यात केस काळे हायत."

"वस्ताद, चेष्टा नको. ऐका. हा रांजण स्टेजवर ठेवायचा. येणाऱ्या माणसानं आपापल्या गोळ्या घेऊन यायचं, आणि एकेकानं ह्यात टाकायच्या. कायमच्या! आणि पहिलं पाकीट..." सर्जेरावानं वस्तादांच्या बंडीच्या खिशाकडं बोट केलं. "पहिलं पाकीट तुमचं."

"माझं?"

"दस्तगीर वस्तादांनी गोळ्या टाकल्या म्हणल्यावर पंचक्रोशी टाकंल."

वस्तादांनी खिशावर हात ठेवला.

"व्हय," ते म्हणाले. "टाकंल."

...

मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. सर्जेराव चुळबुळायला लागला. वस्तादांचं गप्प बसणं त्याला पोरवयापासून ठाऊक होतं. डाव चुकला की ते असेच गप्प बसायचे. पण आज त्याचा डाव कुठं चुकला होता?

"कसं केलंस ते सांग," वस्ताद म्हणाले. "सगळं सांग."

हे विचारायचीच खोटी होती. सर्जेराव मांडी ठोकून सांगायला लागला.

साखर निघाली तेव्हा गाव हसलं होतं. ऊस लावणाऱ्याला साखर झाली, म्हणून हसलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चार गोष्टी खाण्याच्या सांगितल्या, चालायला सांगितलं. सर्जेरावानं ते सगळं कुस्ती धरावी तसं धरलं. चहातली साखर सुटली. भाताचा डोंगर सुटला. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट समोरून जायचं आणि हा पठ्ठ्या काकडी चावत बसायचा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, आणि दिवेलागणीआधी जेवण. पहाटे उठून बिरोबाच्या माळापर्यंत चालत जायचं आणि यायचं. वाढलेलं पोट उतरलं. शर्ट सैल झाले. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पाठीवर थाप मारली होती आणि गोळ्याही कमी करत आणल्या होत्या.

ह्यात खोटं काही नाही. सर्जेराव खोत हजार गोष्टी असेल, खोटारडा नव्हे. त्यानं खरोखर घाम गाळला होता. गावातल्या भल्याभल्यांना जमलं नाही ते करून दाखवलं होतं.

"शाब्बास!" वस्ताद म्हणाले.

मनापासून म्हणाले. सर्जेरावाची छाती एवढी फुगली की बंडीचं बटण ताणलं गेलं. ह्या माणसाच्या तोंडून शाब्बास ऐकायला पोरं वर्षंच्या वर्षं माती खात आणि तरी ऐकायला मिळत नसे.

"ह्यातलं काय एक सोडू नकोस," वस्ताद म्हणाले. "भाकरी सोडू नकोस, चालणं सोडू नकोस. मी बी तेच करतो. तुझ्यासारखं झपाझपा जमत न्हाई एवढंच."

"मग गोळी कशाला घेता?"

"तुझी गोळी डॉक्टरांनी बंद केली?"

"मी केली."

"डॉक्टरांना सांगून?"

"त्यात काय सांगायचं? कमी करतच आणल्या हुत्या त्यांनी. मी म्हणलं, राहिलेल्या तरी कशाला? कारल्याचा रस घेतो, जांभळाच्या बियांची पूड घेतो. बास झालं."

"त्यानंतर तपासलंस?"

सर्जेराव ऐटीत हसला. हे वाक्य त्यानं मेळाव्यासाठी राखून ठेवलं होतं, पण वस्तादांसमोर आधी म्हणून बघायला काय हरकत होती?

"वस्ताद, जिंकलेल्या पैलवानानं पुन्हा पंचाकडं कशाला जायचं?"

...

वाऱ्यानं करंजाची दोन पानं रांजणात पडली. वस्तादांनी ती पडताना बघितली.

"आणि पाय?"

"पाय!" सर्जेरावानं मांडीवर जोरात थाप मारली. "खरी गंमत तर तिथंच हाय, वस्ताद. आधी लई हाल हुते. झोपलं की तळपायाची आग आग व्हायची. मुंग्या यायच्या. चादर लागली तरी सहन व्हायचं न्हाई. घरची म्हणायची, पाय पाण्यात बुडवून बसा. आता बंद! आगच बंद झाली. दवातनं अनवाणी माळ तुडवतो, खडा न्हाई, काटा न्हाई, काय म्हणून लागत न्हाई. आता डांबरावरनं आलो, बघितलंत न्हवं? पाय दगड झालेत दगड!"

वस्तादांच्या हातातला तांब्या कट्ट्यावर आदळला. पाणी सांडलं.

"कवापासनं?"

"आग बंद हून? झाले काय महिनं. का?"

"पाय दाखव."

"आं?"

"पाय वर घे. हितं." वस्तादांनी स्वतःच्या मांडीवर हात आपटला.

सर्जेराव ताडकन उठला.

"वस्ताद, पाप लावता का मला! तुमच्या मांडीवर माझा पाय?"

"लागलं तर मला लागंल. बस."

"अहो पण..."

"सर्ज्या!"

ही हाक आखाड्यातली होती. ह्या हाकेला सर्जेरावानं जन्मात उलट उत्तर दिलं नव्हतं. तो बसला. वस्तादांनी त्याचा धुळीनं माखलेला उजवा पाय घोट्याला धरून उचलला आणि आपल्या पांढऱ्या धोतरावर घेतला. सर्जेरावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्त्यावरून कुणी येत तर नाही ना, म्हणून त्यानं दोनदा मान वळवून बघितलं.

"डोळे मिट."

मिटले.

"मी बोटं दाबतो. दाबलं की सांग."

"बरं."

...

लांबून उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज आला. टेपवरचं गाणं जवळ आलं, तालमीवरून गेलं आणि विरून गेलं. सर्जेराव डोळे मिटून वाट बघत राहिला. वय झालं, हातातला जोर गेला असणार, असंही त्याच्या मनात आलं आणि जीव कळवळला.

"दाबा की, वस्ताद."

"कवाचा दाबतोय."

सर्जेरावानं डोळे उघडले.

वस्तादांचा अंगठा त्याच्या पायाच्या अंगठ्यात रुतला होता. वस्तादांचं नख जोरानं पांढरंफटक पडलं होतं. मनगटावरच्या शिरा फुगल्या होत्या. त्या पकडीत सापडलेले भलेभले पैलवान सर्जेरावानं तडफडताना बघितले होते.

तो हसला. जरा उशिरानंच हसला.

"कातडी जाड झालीय."

"दुखलं न्हाई?"

"वस्ताद, तुम्हीच शिकवलंय की. दुखलं म्हणायचं न्हाई."

ते मात्र खरं होतं. ह्या तालमीचा कायदाच तसा होता. हौदात जो 'आई गं' म्हणेल, त्यानं अख्खा हौद एकट्यानं उकरायचा. कुदळ घ्यायची आणि ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माती वरखाली करायची, आणि बाकीच्यांनी कट्ट्यावर बसून टाळ्या पिटायच्या. सगळ्यांनी उकरला होता. सर्जेरावानं कधीच नाही. खांदा निखळला होता तेव्हासुद्धा वस्तादांनी विचारलं होतं, "काय झालं?" आणि दात आवळून हा म्हणाला होता, "काय न्हाई." ती गोष्ट वस्ताद नव्या पोरांना सांगायचे, आणि ते सांगतात हे ऐकून सर्जेराव आजवर मिशीला पीळ भरत आला होता.

"व्हय," वस्ताद हळू आवाजात म्हणाले. "मीच शिकवलं."

त्यांनी पाय वळवून तळवा वर केला. बघितलं. आणि बघतच राहिले.

"काय हो?"

वस्ताद उठले. दाराजवळच्या कोनाड्यात पोरांचा भांग पाडायचा आरसा होता, तो घेऊन आले. सर्जेरावाच्या तळव्याखाली धरला.

"बघ."

सर्जेरावानं वाकून बघितलं. आधी त्याला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी पाय दिसतोय. चवड्याखाली एक बाभळीचा काटा, चांगला जाडजूड, आत घुसून मोडलेला. भोवतीची कातडी काळी पडलेली. कडेनं ओल. ओलीवर रस्त्याची धूळ बसलेली.

"हे... हे कवा झालं?"

"मला काय विचारतोस? पाय तुझा हाय."

सर्जेरावाला आठवेना. काल? परवा? गेल्या आठवड्यात माळावर बाभळी तोडल्या होत्या, तेव्हा? एवढा काटा पायात घेऊन तो जेवला होता, झोपला होता, बोर्ड लावायला शिडीवर चढला होता. ह्याच पायावर रांजण तोलत तो वेशीपासून ऐटीत आला होता. पारावरची माणसं तोंडात बोट घालून बघत होती तेव्हाही काटा आतच होता.

"उपटा, वस्ताद."

"मी हात लावणार न्हाई. डॉक्टर काढंल. पाणी आण... न्हाई, तू हलू नकोस."

वस्तादांनी रांजणातली पानं काढून टाकली. गळ्यातली झेंडूची माळ फांदीला अडकवली. तालमीच्या नळाच्या चार बादल्या त्या रांजणात ओतल्या, तांब्या भरभरून सर्जेरावाच्या पायावर सोडला, धूळ धुऊन काढली. मग खांद्यावरचा स्वच्छ पंचा घेऊन बोटांच्या मधलीसुद्धा जागा टिपून घेतली. ओल्या लेकराला पुसावं तसं पुसत होते. सर्जेरावाला पाणी गार आहे का कोमट, हेसुद्धा कळलं नाही. आणि हे कळत नाही, हे त्याला आता कळलं.

"वस्ताद, आग थांबली हुती..." सर्जेराव म्हणाला. "मला वाटलं, बरं झालं."

वस्तादांनी स्वतःच्या डाव्या बुटाची नाडी सोडली. बूट काढला. जाड मोजा काढला.

पायाला दोन बोटं नव्हती. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

"मला बी एकदा दुखत नव्हतं," वस्ताद म्हणाले.

...

"हौदाच्या कडंच्या फळीचा खिळा वर आला हुता. त्यावर पाय पडला, कळलंच न्हाई. मी तुझ्याइतकाच ऐटीत. वस्तादाला काय हुतंय! वास यायला लागला तवा गेलो. मिरजेला पोरीकडं हाय म्हणून गावाला सांगितलं. हुतो दवाखान्यात."

"कुणाला बोलला न्हाईत."

"काय बोलायचं? आयुष्यभर पोरांना म्हणलं, पाय रोव. पाय रोवून उभा ऱ्हा. आणि माझाच पाय असा. कसा उतरू हौदात?" वस्तादांनी मोज्याची घडी केली, उघडली, पुन्हा केली. "बूट घातला. गोळी घेतो, चालतो, रोज सकाळी ह्याच आरशात तळपाय बघतो. दार लावून बघतो."

सर्जेरावाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यानं पुसलंही नाही. एवढी वर्षं ज्या बुटांची त्याला लाज वाटत होती, त्यांतला एक आता समोर पडला होता. आपण काय काय मनात आणलं ह्या माणसाबद्दल, ह्या विचारानं त्याला कसंनुसं झालं.

"रडून काय हुतंय," वस्ताद म्हणाले. "पाय कुठवर जिता हाय ते बघू. डोळे मिट."

वस्तादांची बोटं पुन्हा अंगठ्यापासून निघाली असावीत. सर्जेरावाला काही लागत नव्हतं. तो जीव मुठीत धरून वाट बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो दुखायची वाट बघत होता.

"हितं?"

"न्हाई."

"हितं?"

"न्हाई, वस्ताद."

"हितं?"

"काय... काय तरी लागतंय. जराजरा."

वस्तादांनी घोट्याच्या वर, नडगीच्या कडेला बोट रोवलं. तीच जुनी पकड.

"आई गं!"

सगळी तालीम दणाणली. करंजावरचे कावळे उडाले. सर्जेरावानं डोळे उघडले, आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन तो हौदाकडं बघायला लागला. वस्तादही हौदाकडंच बघत होते.

"कुदळ कुठं हाय?" सर्जेराव उठायला लागला. "मी उकरतो, वस्ताद. कायदा तो कायदा."

वस्तादांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"हौद मी उकराय पायजे, सर्ज्या."

...

सर्जेरावानं खिशातून मोबाइल काढला आणि ड्रायव्हरला जीप आणायला सांगितली. वेशीपाशी नको. थेट तालमीच्या दारात आण, म्हणाला. डॉक्टरांकडं जायचंय, म्हणाला. हे बोलताना त्याची मान खाली होती.

मग दोघं बसून राहिले. वस्तादांचा एक पाय बुटात, एक उघडा. सर्जेरावाचा जखमी पाय पुन्हा त्यांच्या मांडीवर. आता त्याला रस्त्याकडं बघायचं सुचलं नाही.

"मेळावा मोडतो," तो म्हणाला. "बोर्ड उतरवतो आजच."

"का?"

"का म्हणजे? कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ? आख्ख्या पंचक्रोशीला सांगून बसलोय, जिंकलो म्हणून."

"भाकरीनं पोट उतरलं, ते खोटं हाय?"

"न्हाई."

"चालून साखर खाली आली, ते खोटं हाय?"

"न्हाई. पण..."

"लोकं ऊस खातात, जिलब्या खातात, खुर्चीवरनं हलत न्हाईत. त्यांना कोण सांगंल? मी सांगून ऐकत न्हाईत. तुझ्याकडं बघून ऐकतील. तू करून दाखवलंयस, सर्ज्या. मला तुझा अभिमान हाय. आज सकाळी रांजण घेऊन येताना लांबनं बघितलं तवा बी वाटला. आता जास्त वाटतो."

सर्जेरावानं मान वर केली. खांदा निखळला होता तेव्हासुद्धा वस्ताद असं बोलले नव्हते. त्याची छाती पुन्हा भरून आली, पण ह्या वेळी तिच्यात वारा नव्हता.

"अन् गोळ्यांचं काय सांगू?"

"डॉक्टर काय म्हणतो ते आधी ऐक. मग सांग."

जीपचा आवाज आला. वळणावर धूळ दिसायला लागली.

सर्जेरावानं रांजणाकडं बघितलं. गेरूनं रंगवलेला, पाणी भरलेला, माळ काढून घेतलेला. त्यासाठी तो कुंभाराच्या मागं लागला होता. एवढा मोठा नको, म्हणत होता कुंभार. सर्जेरावानंच हट्ट धरला होता. पंचक्रोशीच्या गोळ्या मावल्या पाहिजेत, असं बजावलं होतं.

"ह्याचं काय करू, वस्ताद? फोडून टाकू?"

वस्तादांनी बुटाकडं हात नेला. पण बूट घातला नाही. मोजा बुटात कोंबला आणि बूट कट्ट्याच्या कडेला, रस्त्यावरून दिसेल असा ठेवला. तीन बोटांचा पाय तसाच उघडा राहू दिला.

जीप दारात येऊन थांबली.

"फोडतोस कशाला? पाणी भरून स्टेजवर ठेव," वस्ताद म्हणाले. "तू खाली बस, आणि येईल त्याचा पाय मांडीवर घेऊन धुऊन बघ... पहिला पाय माझा."